मीटिंगला जाताय? मग या चुका टाळा

दारू सोडायला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची, मीटिंग शोधणारी माणसं बदलतात, चुका मात्र त्याच. एए म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट. दर वेळी नव्या माणसाला तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात घातक चूक मीटिंगच्या आधीच होते. रोज भरपूर पिणारा ठरवतो, ‘आधी बंद करतो, मग ताठ मानेनं जातो’, आणि डॉक्टरला न विचारता एका रात्रीत बाटली टाकून देतो. आमच्या मीटिंगला असाच एकजण आला होता. बंद करून तिसरा दिवस. दोन्ही हातांनी धरलेला कप हिंदकळत होता, शर्ट घामानं चिंब, आणि मधूनच तो बाहीवरून काहीतरी झटकायचा. बाहीवर काही नव्हतं. कुणीतरी उत्साही म्हणाला, “सहन कर, सगळ्यांचं असंच होतं.” सुदैवानं एका जुन्या सभासदानं शेअरिंग, म्हणजे आपापले अनुभव सांगणं, मध्येच थांबवलं आणि त्याला उचलून इस्पितळात नेलं. म्हणून वाचला.

शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 24 तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. झटके, म्हणजे फिट, बहुधा पहिल्या 48 तासांत येतात. भास, बरळणं, ताप असा जो प्रकार असतो, डेलिरियम ट्रेमेन्स, तो बहुतेकदा 48 ते 96 तासांत गाठतो आणि वेळेवर उपचार नसले तर जीव घेतो. इथे इच्छाशक्तीचा काडीचा संबंध नाही. रोज पीत असाल तर आधी डॉक्टर गाठा, आणि किती पिता ते खरं सांगा. डॉक्टरला निम्मा आकडा सांगायची आपल्याला फार वाईट खोड असते. औषधाचा डोस त्या आकड्यावर ठरतो, हे लक्षात असू द्या.

मुळात पहिल्या मीटिंगला कोरडं यायची सक्तीच नाही. एएच्या सभासदत्वाला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. प्यायला असाल तर मागे बसा, ऐका, त्या दिवशी बोलू नका. आणि स्वतः गाडी चालवत तर मुळीच येऊ नका.

शोधताना लोक कुठलीतरी जुनी यादी घेऊन निघतात आणि कुलूप बघून परततात. ‘नशिबातच नव्हतं’ म्हणायला मोकळे! एएच्या हेल्पलाइनला निघायच्या दिवशीच फोन करा. ओपन की क्लोज्ड तेही त्याच फोनवर विचारा. ओपनला कुणीही बसू शकतं, क्लोज्ड फक्त ज्यांना पिणं सोडायचंय त्यांच्यासाठी. बायकोला सोबत घेऊन क्लोज्डच्या दारात उभे राहिलात तर तिला बाहेर थांबावं लागेल. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळे गट आहेत, 1951 पासून.

फी किती, हा प्रश्न सोडून द्या. फी नसते. डबा फिरतो, वाटलं तर टाका.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. दहा मिनिटं उशिरा यायचं, दाराजवळची खुर्ची पकडायची आणि शेवटची प्रार्थना सुरू होताच सटकायचं. असा एकजण कित्येक महिने येत होता. तक्रार एकच, “मीटिंगचा काही उपयोग होत नाही.” मग एका रात्री तो प्यायला. नंतर विचारलं, “बाटली उघडायच्या आधी फोन का नाही केलास?” त्यानं मोबाइल पुढे केला. आमच्यापैकी एकाचाही नंबर त्यात नव्हता! आम्हालाही त्याचं नाव धड माहीत नव्हतं. मीटिंगमध्ये ऐकायला मिळतं, पण ओळखी होतात त्या आधी नि नंतर, खुर्च्या लावताना, कप विसळताना. एएची सुरुवात 1935 सालची, आणि तीही एका दारुड्यानं दुसऱ्याला गाठून केलेल्या बोलण्यातून झाली. माझी पद्धत साधी आहे: पंधरा मिनिटं आधी जायचं, खुर्च्या मांडायला हात लावायचा, दोन नंबर घेतल्याशिवाय निघायचं नाही, आणि त्यातला एक दुसऱ्या दिवशी काही कारण नसताना फिरवायचा. विनाकारण केलेला फोन जमला तरच अडचणीच्या रात्री बोट त्या नंबराकडे जातं.

‘कोर्स किती दिवसांचा?’ विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही. एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून दूर राहायला स्वतःवर करायचं काम, आठवड्यात उरकणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालत नाही.

एका मीटिंगवरून निकाल लावू नका. गट बदलला की माणसं बदलतात, सूर बदलतो. निदान पाच-सहा वेगळ्या मीटिंगा बघा. देवाचं नाव खटकलं तरी बसून राहा, देव ‘आपल्याला समजेल तसा’ एवढीच तिथली अपेक्षा आहे. तरीही नाहीच पटलं तर स्मार्ट रिकव्हरीसारखे देवाच्या नावाविना चालणारे गटही आहेत.

स्पॉन्सर, म्हणजे आपल्याला वाट दाखवणारा जुना सभासद, पहिल्याच दिवशी, गोड बोलतो म्हणून निवडू नका. महिनाभर ऐका. ज्याच्या बोलण्यात उपदेश कमी नि स्वतःचा अनुभव जास्त, त्याला विचारा.

आणि स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलात, म्हणून तोंड लपवून घरी बसू नका. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, बाकी काही नाही. पुढच्या मीटिंगला या, हात वर करून सांगा आणि खुर्ची दारापासून लांबची घ्या.