घरच्या फळांचा केक बिघडतोय? चूल असो की गॅस, या चुका टाळा

परड्यातल्या फळांचा केक मधेच बसतो, तळाला गिच्च ओला राहतो, कधी कडू लागतो, कधी चक्क हिरवट पडतो, आणि मग सगळेजण सोड्याला नाहीतर ओव्हनला नावं ठेवतात. पण बहुतेक वेळा गडबड फळात असते. रेसिपीत "एक वाटी फळ" एवढंच लिहिलेलं असतं, पण झाडावर पिकलेल्या फळाला रस जास्त, गोडी प्रत्येक तोडीला वेगळी, ते मापात बसत नाही. आमचं घर सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातलं, आज्जी मे महिन्यात सगळी चुलत-आतेभावंडं जमली की चुलीवर वाळूत केक करायची आणि तिचा निम्मा वेळ फळाच्या तयारीतच जायचा, पीठ अगदी शेवटी. म्हणूनच तिचा केक बसायचा नाही असं मला ठाम वाटतं.

सगळ्यात मोठी चूक: फळातलं पाणी तसंच पिठात सोडणं

स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आमची मावशी वाईकडं दिलेली, तिच्याकडून थंडीत स्ट्रॉबेरी यायची, महाबळेश्वर-पाचगणीचा तो सगळा पट्टा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत लाल असतो. ती स्ट्रॉबेरी चिरून थेट घोळात टाकली की भाजताना पाणी सोडते, प्रत्येक तुकड्याभोवती कच्च्या पिठाचं कडं राहतं आणि वरून केक छान फुगलेला दिसला तरी कापल्यावर आत लगदा. त्यासाठी मावशीची पद्धत अशी की फोडी करायच्या, चमचाभर साखर लावून अर्धा तास ठेवायच्या, सुटलेला रस गाळून घ्यायचा आणि तो रस जाड बुडाच्या भांड्यात मधासारखा होईपर्यंत आटवून परत घोळात घालायचा, म्हणजे चव कुठं जात नाही फक्त पाणी जातं. रस फेकून देऊ नका हो, निम्मी स्ट्रॉबेरी त्यातच असते.

पपईचंही असंच, पण तिच्यात अजून एक भानगड आहे. पपईतलं पाचक द्रव्य कच्च्या दुधाशी आलं की दूध फाटतं, कडवट होतं. गर आधी गुळात पाच-सात मिनिटं चांगला शिजवा, म्हणजे ते द्रव्य मरतं आणि पाणीही आटतं. केळ्याला आटवायची गरज नाही, त्याचं पाणी गरात धरलेलं असतं आणि त्यानंच केक मऊ होतो, फक्त दूध कमी करा. तीन मोठी केळी असतील तर रेसिपीतलं निम्मं दूध पुरे होतं. आणि साल काळी पडलेली केळीच घ्या, पिवळ्याधमक केळ्याला केकमध्ये वासच येत नाही.

चिक्कू पूर्ण पिकलाच पाहिजे. जरा जरी कच्चा असला तरी त्याचा चीक आणि तुरटपणा भाजूनही जात नाही, उलट जिभेला जास्त लागतो. सीताफळ तर भाजूच नका. त्याचा गर तापवला की कडू होतो, कितीही साखर घाला. केक गार झाल्यावर वरून सायीत कालवून लावा, फार सुंदर लागतं.

बेदाणा तळाला का जातो

आमच्याकडं बेदाण्याला तोटा नाही. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे सगळी गोडी एकवटलेली, आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, तरी लोक केकसाठी शहरातून महागडी पाकिटं आणतात याचं मला खरंच वाईट वाटतं. बरं, मुद्दा असा की बेदाण्यासाठी वाळवायच्या शेडमध्ये टाकण्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइल (लवकर वाळावीत म्हणून वापरतात ते तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेली असतात, तेव्हा कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवायचा. मग तासभर कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर कोरडा बेदाणा केकमधलं पाणी ओढून घेतो. निथळून, फडक्यावर पुसून, चमचाभर कोरड्या कणकेत घोळवा आणि शेवटी हलक्या हातानं मिसळा. आज्जी थोडे बाजूला ठेवायची आणि भांड्यात घोळ ओतल्यावर वरून पेरायची. तरीही तळाला गेलाच तर घोळ पातळ झालाय, पुढच्या वेळी दूध कमी.

जांभळाचा केक हिरवा पडला?

फळ खराब नाही, सोडा जास्त झालाय. जांभळाचा, स्ट्रॉबेरीचा रंग आंबटात लाल-जांभळा राहतो आणि सोड्यात निळा-हिरवट होतो. कपभर कणकेला पाव चमचा सोडा बास, आणि जांभूळ असेल तर बरोबर अर्धी वाटी दही घालाच. सोडा घातल्यावर घोळ ठेवून द्यायचा नाही, वाळू आधी तापलेली हवी, कारण बुडबुडे वाट बघत बसत नाहीत.

गुळाबद्दल एकच सांगते, गरम दुधात गूळ टाकू नका, फाटतं. दूध गार करा, गूळ वेगळा विरघळवून गाळून घ्या, मग एकत्र करा.

भांडं आणि विस्तव

आंबट फळाचा घोळ जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात तासन्‌तास ठेवला की तो काळपट पडतो आणि धातूची चव येते. पितळी भांड्याला कल्हई नसेल तर आंबट फळ त्यात अजिबात नको, हे खरंच धोक्याचं आहे. स्टीलचा डबा सगळ्यात बरा, आतून तूप लावून पीठ भुरभुरलेला.

वाळू येरळा नदीची आणायचे आमच्याकडं, धुऊन कडकडीत उन्हात वाळवलेली. ओली वाळू तापायला वेळ घेते आणि वाफ धरते, मग केकला वरून पाणी सुटतं. गॅसवर करत असाल तर जाड कढईत वाळू किंवा जाडं मीठ घाला, झाकून मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवा, आत रिंग ठेवून त्यावर डबा, मग आच बारीक. नॉनस्टिक कढई यासाठी नको, ती कोरडी तापवायची नसते.

चुलीवर लोक तुरकाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, घालतात आणि मग खाली करपतो, वर कच्चा. तुरकाट्या भडकतात आणि लगेच विझतात. बाभळीचं लाकूड घ्या, निखारा धरून राहतो, जाळ ओसरल्यावरच डबा ठेवा आणि झाकणावरही निखारे ठेवा, वरून रंग त्यानंच येतो. पहिली तीस-पस्तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, पोरं कितीही मागं लागली तरी, आत गार हवा शिरली की मधला न शिजलेला भाग खाली बसतो. चाळीस मिनिटांनी सुरी खुपसून बघा, फळाचा तुकडा लागला तर सुरी ओलीच निघणार, म्हणून दोन ठिकाणी खुपसा.

खपली गव्हाची कणीक वापरताय तर केक भुसभुशीत होऊन तुटणार, कारण खपलीचं ग्लुटेन कमकुवत असतं. निम्मी साधी बारीक कणीक घाला आणि सोडा घालायच्या आधी घोळ वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे कणीक भिजते.

डब्यातून गरम गरम काढायची घाई नको, दहा मिनिटं थांबा, मग उलटा करून जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. गरमच झाकून ठेवलेल्या फळाच्या केकला उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच तार सुटते, तेव्हा गार झाल्यावर सुती कापडात गुंडाळा आणि उरलाच तर फ्रीजमध्ये टाका.