वेग वाढला की गाडीतून येणारा आवाज: तो नेमका कुठला, ते कसं शोधायचं

गेल्या पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं होतं. पुढची रिक्षा निघून गेली म्हणून मीही गाडी घातली. पाणी निम्म्या चाकाच्या वर होतं. गाडी बंद पडली नाही एवढ्यावर खूश होऊन मी महापेला कामावर गेले आणि ते पाणी विसरूनही गेले. दिवाळीच्या सुमारास ठाणे-बेलापूर रस्त्यावर आवाज सुरू झाला. ४५ च्या पुढे गेलं की बारीक ‘घूंऽऽ’, ६० ला स्पष्ट, ७० ला शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागेल इतका. ४० च्या खाली आलं की काहीच नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि सांगितलं, “ताई, टायरचा आवाज आहे, पुढचे दोन्ही बदला.” बदलले. सात हजार गेले. परतताना ऐरोली ओलांडेपर्यंत आवाज जसाच्या तसा.

त्या रात्री अण्णांना सांगितलं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं होते. कुठला पार्ट गेला असेल याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, “क्लच दाबल्यावर काय होतं?” मला सांगता येईना. रोज दोन वेळा तीच गाडी त्याच रस्त्याने चालवते, पण हे कधी करून बघितलं नव्हतं. “मग बाळा, टायर कशावरून बदललेस?”

त्या प्रश्नापासून पुढचं सगळं सुरू झालं. ज्यांच्या गाडीत असा आवाज येतोय त्यांनी पैसे खर्च करण्याआधी एवढं करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आधी एक वही घ्या. दुसरं माणूस बरोबर हवंच, कारण चालवणाऱ्याने फक्त चालवायचं, ऐकायचं आणि लिहायचं काम शेजारच्याचं. रविवारी सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना निघा. सगळ्या काचा वर, पंखा आणि गाणी बंद. गाडीतला सुटा माल आधीच काढून ठेवा. आमच्या डिकीत जॅकचा दांडा सैल होता, त्याची खडखड वेगळीच.

पहिला प्रश्न एवढाच: आवाज कशाला बांधलेला आहे? इंजिनाच्या फेऱ्यांना, चाकाच्या फेऱ्यांना, रस्त्याला की वाऱ्याला?

गाडी जागेवर उभी, न्यूट्रलमध्ये, हळूहळू रेस वाढवा. इथेच तो आवाज आला तर चाकांकडे बघायची गरज नाही. बेल्ट, अल्टरनेटर, टेन्शनर, सायलेन्सरचं सैल पत्र्याचं कव्हर, यांपैकी काहीतरी आहे. आमचा आला नाही. मग सरळ मोकळ्या रस्त्यावर ६० ला गाडी आधी तिसऱ्या गिअरमध्ये चालवली, मग पाचव्या. वेग तोच, पण इंजिनाच्या फेऱ्या बऱ्याच कमी. आवाजात तसूभर फरक नाही. शेवटी ६० ला क्लच पूर्ण दाबला. इंजिन आयडलवर आलं, ‘घूं’ चालूच राहिला आणि गाडीचा वेग उतरत गेला तसतसा तोही उतरत गेला. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. आवाज चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी होता. क्लच दोन-चार सेकंदच दाबायचा, आणि चालत्या गाडीत चावी बंद करायची नाही, कधीच नाही. ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

क्लच दाबूनही आवाज राहतो तेव्हा गिअरबॉक्स अजून यादीतून गेलेला नसतो, कारण त्याचा चाकांकडचा भाग फिरतच असतो. त्यासाठी त्याच वेगाला एकदा अॅक्सिलरेटर दाबून आणि एकदा सोडून ऐका. दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा असेल, तर संशय गिअरबॉक्स किंवा ड्राइव्ह शाफ्टवर (गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणारा दांडा). आमच्याकडे दोन्हीकडे सारखाच होता.

आता टायर. टायरच्या आवाजाची मोठी खूण म्हणजे तो रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरावरून काँक्रीटवर चढलं की सूर बदलतो, नव्या गुळगुळीत पट्ट्यावर दबतो. बेअरिंगचा, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या गोळ्यांच्या कड्याचा, सहसा बदलत नाही. हे मी आधी ऐकलं असतं तर सात हजार वाचले असते, कारण आमचा ‘घूं’ डांबर, काँक्रीट, खाडीपूल, सगळीकडे एकच होता. टायरवर हात फिरवूनही कळतं: तळवा नक्षीवरून आधी एका दिशेने आणि मग उलट्या दिशेने न्या. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागत असेल, किंवा परिघावर ठरावीक अंतराने खळगे लागत असतील, तर ते टायर आवाज करणारच. त्यामागे बिघडलेली अलाइनमेंट (चाकांचा कोन) किंवा थकलेला शॉकअब (धक्के शोषणारा भाग) असतो, तो न बघता टायर बदललं तर नवंही तसंच खाल्लं जाईल. टायरवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. फार जुनं, कडक झालेलं टायरही जास्त आवाज करतं. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून एक फेरी मारा. आवाजाची जागा हलली किंवा सूर बदलला तर टायरच. या एका फेरीला पैसे लागत नाहीत.

वाऱ्याचा आवाज शिट्टीसारखा असतो, दरवाजाच्या फटीवर कागदी टेप लावली की बदलतो. त्यावर जास्त वेळ घालवू नका. ब्रेकही पटकन तपासता येतो: चालत्या गाडीत पेडलला अगदी हलका पाय लावा. खरखर थांबली किंवा वाढली तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलाय का, पॅड संपलेत का, ते बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना ‘कट-कट-कट’ येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. आणि ८०-९० ला आवाजापेक्षा स्टिअरिंगच थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करून घेणं.

बेअरिंगपर्यंत आलो, तरी चारपैकी कुठलं? इथे मी सगळ्यात जास्त चुकले असते. मागे बसलेले सगळे छातीठोकपणे सांगत होते की आवाज मागूनच येतोय. गाडीचा सांगाडा पत्र्याचा, आवाज त्यातून कुठूनही कुठे जातो. कानावर भरवसा ठेवायचा नाही, वजन हलवायचं.

गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर पडतो, डावीकडे वळते तेव्हा उजव्या. खराब बेअरिंगवर भार आला की ते जास्त ओरडतं. यासाठी रस्त्यात गाडी सापासारखी फिरवायची नाही, मागचा येऊन आदळेल. त्यापेक्षा मोठं सर्कल बरं. आपल्याकडे सर्कलला गाडी उजवीकडेच फिरत राहते, म्हणजे सगळा वेळ डावी चाकं दाबलेली. आम्ही खारघरच्या उत्सव चौकात गेलो, सकाळी सव्वासहाला. अण्णा मागच्या सीटवर, पायाचा तळवा गाडीच्या तळावर टेकवलेला. ३५ च्या वेगाने फिरताना, एरवी ४५ ला सुरू होणारा ‘घूं’ तिथेच घुमायला लागला. सर्कलमधून बाहेर पडताना गाडी डावीकडे वळली तसा तो कापल्यासारखा बंद. अण्णांनी वहीत लिहिलं: “डावी बाजू. उजवी नाही.” पायाखाली काय जाणवलं ते विचारलं तर म्हणाले, “मागे काही नाही, पुढून येतंय.” मला ऐकू येत होतं मागून.

घरी आल्यावर जॅक. सपाट जागा, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून विटा. नट जमिनीवर असतानाच किंचित सैल केले तर चाक काढायला सोपं, पण चाक न काढताही पुढचं काम होतं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, खाली स्टँड हवाच. आणि चाक उचलून गाडी गिअरमध्ये टाकून पळवायची नाही. असे प्रकार मी बघितलेत. ते अतिशय धोक्याचं आहे.

चाक वरून आणि खालून धरून हलवा. ठकठक जाणवली तर बेअरिंगला किंवा बॉल जॉइंटला (चाकाला खालून धरणारा गोल सांधा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. डावीकडून-उजवीकडून धरून हलवल्यावर प्ले लागला तर आधी स्टिअरिंगचा टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) बघा. आमच्या डाव्या चाकाला दोन्हीकडून काहीही प्ले नव्हता. मी म्हटलं, म्हणजे बेअरिंग चांगलं. अण्णा म्हणाले, थांब.

त्यांनी गिअर न्यूट्रल केला, माझा डावा हात शॉकअबच्या स्प्रिंगवर ठेवायला लावला, स्प्रिंगच्या वेटोळ्याभोवती बोटं, आणि स्वतः चाक हाताने फिरवलं. बोटांना मुंग्या आल्यासारखी बारीक करकर. कानाला जवळजवळ काही नाही, ब्रेक पॅडची नेहमीची सुर्रसुर्र सोडली तर. मग उजवं चाक उचललं, तसंच केलं. स्प्रिंग मुकाट. पुन्हा डावं: करकर. रेतीवर वाटी घासावी तशी. बेअरिंगच्या गोळ्या ज्या वाटेवरून धावतात तिथे खड्डे पडले की ते असं स्प्रिंगला कळतं. पाणी शिरलं की आतलं ग्रीस निकामी होतं, गंज धरतो, आणि आवाज बऱ्याचदा काही आठवड्यांनी येतो, त्यामुळे त्या पाण्याची आठवणही कुणाला राहत नाही. प्ले नसला तरी बेअरिंग गेलेलं असू शकतं, हे मी त्या दिवशी हाताने शिकले.

हा आवाज महिनोन्महिने तसाच चालवू नका. चाकाला प्ले सुरू झाला, ब्रेक दाबताना पेडल खोल जायला लागलं किंवा थोडं चालवून एका चाकाचा हब (चाकाचा मधला भाग) इतरांपेक्षा खूप तापलेला लागला, तर गाडी तिथेच थांबवा.

दुसऱ्या गॅरेजमध्ये मी वही घेऊन गेले आणि सांगितलं: पुढचं डावं बेअरिंग, कारण हे, हे आणि हे. काम उभं राहून बघितलं. आमच्या गाडीत बेअरिंग नकलमध्ये (चाकामागच्या लोखंडी भागात) घट्ट बसवलेलं असतं, ते प्रेसवर काढायचं आणि प्रेसवरच बसवायचं. हातोड्याने ठोकलं तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी दुखावतं, हे आधीच बोलून घ्या. अॅक्सलचा नट नवा, आणि टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापाला घट्ट. पार्ट आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत झालं. निघालेलं बेअरिंग मागून घेतलं. धुतल्यावर आत तांबूस डाग दिसत होते.

परतताना तोच रस्ता, तोच ६० चा वेग, काचा वर. ‘घूं’ नाही. पण त्याच्याखाली आत्तापर्यंत दबलेला एक नवा ‘टक-टक’ ऐकू आला, हळू चालताना. यावेळी मी घाबरले नाही. आमचं टायर १४५/८० आर १३. १४५ चे ८० टक्के ११६, दोन्ही बाजू मिळून २३२, त्यात १३ इंची रिमचे ३३० मिलिमीटर, म्हणजे व्यास ५६२ आणि एका फेरीत गाडी सुमारे पावणेदोन मीटर पुढे जाते. दहा फेऱ्यांना साडेसतरा मीटर. सोसायटीत जमिनीवर खडूने तेवढं अंतर आखलं, गाडी चालण्याच्या वेगाने नेली, अण्णांनी बाहेरून चालत मोजलं. दहा ठोके. एका फेरीला एक, म्हणजे चाकावर एकाच जागी काहीतरी आहे. उजव्या मागच्या टायरच्या खाचेत बोटाच्या नखाएवढी खडी रुतली होती. स्क्रूड्रायव्हरने उडवली, त्या जागी साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा आला नाही, म्हणजे पंक्चर नव्हतं.