बंद घर घेताय? सबसिडीचा हिशेब मांडण्याआधी या चुका टाळा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात माझ्या मामेभावाने एक बंद घर पाहिलं, तेव्हा मी सोबत होते. नऊ वर्षं कुणी राहिलेलं नव्हतं. कुलपात खोबरेल तेल सोडलं तेव्हा कुठे किल्ली फिरली. आत पाऊल टाकताच नाहणीतून गटाराचा वास, स्वयंपाकघराच्या छतावरून सुटलेले पोपडे आणि भिंतीवर २०१० सालचं कॅलेंडर. भाऊ मात्र फरशीचा रंग ठरवायला लागला होता. "दादा, आधी घर कुणाचं ते बघूया," असं म्हटलं तर त्याला राग आला.

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. त्यामुळे "स्वस्तात बंद घर आहे" असं सांगणारा एजंट प्रत्येकाला भेटतोच. पण मुंबईत घर उगाच बंद राहत नाही. ते का बंद आहे, याचं उत्तर मिळाल्याशिवाय टोकन देऊ नका.

बहुतेक वेळा कारण असतं वारसांचं. आमच्या बाबतीत विकणारे थोरले बंधू सोसायटीच्या कागदावर नॉमिनी होते. शेअर सर्टिफिकेट त्यांच्याकडे, किल्लीही त्यांच्याकडे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारस ठरेपर्यंत मालमत्ता सांभाळणारा विश्वस्त असतो. त्यांची एक बहीण चिपळूणला होती, तिला या विक्रीची कल्पनाच नव्हती. तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र होईपर्यंत चार महिने गेले. तोवर भावाने मिस्त्रीला उचल देऊन ठेवली होती, ती काही परत मिळाली नाही. म्हणून सगळे वारस कोण, हे आधी लेखी घ्या, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च (जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध) काढा आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या.

म्हाडाच्या जुन्या वसाहतींत आणखी एक गुंता असतो. मूळ वाटपपत्र एकाच्या नावावर, मधले दोन व्यवहार कुलमुखत्यारपत्रावर, आणि आज विकणारा चौथाच. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घराची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. म्हाडाच्या दफ्तरी नाव कुणाचं आहे ते पाहा. मधली हस्तांतरणं नियमित करून घेण्याचा खर्च विक्रेत्याने करायचा, हे करारातच लिहून घ्या. पागडीची खोली असेल तर तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. तिथे गृहकर्ज आणि त्यावरची सबसिडी धरून चालू नका.

आता सरकारी मदतीचं. सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते: सबसिडीच्या भरवशावर लोक दुरुस्तीचं बजेट आखतात. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज सवलत आहे, पण अटी नीट वाचा. कर्ज १ सप्टेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर मंजूर झालेलं हवं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. तेही पाच वार्षिक हप्त्यांत आणि थेट कर्जखात्यात. म्हणजे त्यातून गवंड्याची मजुरी भागणार नाही. कर्ज लवकर फेडलंत तर पुढचे हप्तेही गेले.

मुंबईच्या हद्दीत ३५ लाखांत घर मिळणं किती अवघड आहे, ते तुम्हाला सांगायला नको. मग एजंट सुचवतो, "करारात ३५ दाखवू, बाकीचे रोख द्या." हे अजिबात करू नका. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं, त्यामुळे तिथेही फायदा नाही. वर रोखीचा कुठलाच पुरावा तुमच्याकडे उरत नाही आणि खोट्या माहितीवर घेतलेली सबसिडी वसूल होऊ शकते.

दुसरी अट गावाकडची. देशात कुठेही तुमच्या कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. वडील गेल्यावर गावच्या घराच्या घरपट्टीवर तुमचं नाव लागलंय का, ते अर्जाआधी बघा. कित्येकांना ते माहीतच नसतं.

एक सवलत मात्र लोक हातची घालवतात. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुंबईत मुद्रांक शुल्क ६ ऐवजी ५ टक्के लागतं. ३० लाखांवर ३० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ती सवलत गेली.

विक्रेता परदेशात राहत असेल तर टीडीएसचे (विक्रेत्याला पैसे देताना कापायच्या कराचे) नियम वेगळे असतात, नेहमीचा १ टक्का तिथे चालत नाही. सीएला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. सी-१ वर्गात असेल तर ती रिकामी करून पाडायची इमारत आहे, तिथे फरशीवर एक रुपयाही घालू नका. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत म्हाडाचं दुरुस्ती मंडळ इमारतीची दुरुस्ती करतं, तुमच्या खोलीतली फरशी आणि ओटा नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आहे का, तेही विचारा.

घर पाहायला एकदा तरी जुलैत जा, भर पावसात. छतावर हातोडीने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजून फुगलेली असू शकते. त्यावर पुट्टी मारून रंग देणारा मिस्त्री दोन वर्षांत पुन्हा बोलवावा लागतो. सळई उघडी करून, गंज काढून, पॉलिमर मॉर्टर भरणाराच माणूस हवा. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांत गंज साचलेला असतो, ते बदलूनच टाका. आतली भिंत पाडायची असेल तर सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी आधी. डेब्रिजच्या गोण्या रात्री रस्त्याकडेला टाकल्या तर दंड तुम्हालाही होऊ शकतो.

आणि नाहणी. आमच्या मिस्त्रीला घाई होती, "ताई, कोबा (फरशीखालचा पाणी अडवणारा थर) पक्का झालाय" म्हणत होता. आम्ही नाहणीचं तोंड बंद करून ४८ तास पाणी तुंबवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंनी हाक मारली. त्यांच्या छतावर ताटलीएवढा ओला डाग उमटला होता. कोबा पुन्हा केला, पुन्हा पाणी भरलं, काकूंचं छत दोन दिवस कोरडं राहिलं, मगच फरशी बसवली.