विहिरीत पडलेली मोटार हवेवर उचलताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार खाली सोडावी लागते. त्या गडबडीत दोर तुटतो आणि मोटार तळाला जाते. मोहोळ, पंढरपूरकडे हे नवं नाही. मग कोणी कॅन आणतं, कोणी ट्रॅक्टरची ट्यूब. युक्ती चांगली आहे, हिशेब तेवढा चुकतो. माणूस उतरवण्याआधी वीज मात्र पूर्ण बंद करा.

बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन ओढून तळाला बांधतात, ही पहिली चूक. २० लिटरचा कॅन वर साधारण २० किलो उचलतो, म्हणून खालीही तेवढंच उचलेल असं वाटतं. पण सोलापूरच्या उंचीवर ३२ फूट पाण्याखाली दाब दुप्पट होतो आणि कॅन चेपतो. उचल मिळते ती बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढी. कॅन चेपला की तीही घटली. पूर्ण मऊ पिशवी असेल तर तिथे निम्मीच उरते.

ट्यूबची चूक याच्या उलटी आणि जास्त धोक्याची. तळाशी हवा भरत राहायची, मोटार हलेपर्यंत. ५० किलो लोखंड पाण्यात साधारण ४४ किलो भरतं. ट्यूबने ४४ लिटर पाणी सारलं की भार हलतो, पण वर येताना दाब उतरतो, ट्यूब फुगते, उचल वाढते, वेग वाढतो आणि आणखी फुगते. ३२ फुटांवरून ती दुपटीकडे जाते. मध्ये कुठे थांबत नाही. फुटली तर सगळा भार परत खाली. गाळात रुतलेली मोटार तर एकदम सुटते. हवा वाढवू नका, आधी दोराने हलवून गाळ सैल करा.

मला पटलेली पद्धत अशी: कॅन पाण्याने भरून, बूच काढून, जाळीत तोंड खाली करून मोटारीला बांधा आणि तळाशी नळीने हवा सोडा. आत-बाहेर दाब सारखा, म्हणून कॅन चेपत नाही. वर येताना फुगलेली जादा हवा तोंडातून निघून जाते, उचल २० किलोच्या आसपास राहते. अशा दोन कॅननी ४४ पैकी ४० किलो तोललं जातं. उरलेले चार किलो चेनकप्पीवर, सावकाश. भार नेहमी थोडा जडच राहू द्या. विहिरीत त्याच्या वर कोणी नको.

आणि हे मनापासून सांगतो: छातीही तशीच लवचिक पिशवी आहे. काठावर दम भरून बुडी मारली तर फुप्फुसं खाली आकसतात, वर आल्यावर पहिल्याएवढी होतात. पण तळाशी कंप्रेसरच्या नळीतून किंवा त्या कॅनमधली हवा श्वासात घेतली आणि दम कोंडून वर आलात, तर फुप्फुसं फाटू शकतात, अगदी दहा फुटांवरूनही. पोरांना नळी तोंडाला लावून खाली पाठवू नका.