व्याख्यानमालेची तयारी : संमतीपत्र आधी, बाकी सगळं नंतर

आमचं विद्यापीठ ग्रंथालय मित्र मंडळ वर्षाला चार जाहीर व्याख्यानं घेतं. यंदा काम नव्या मुलामुलींच्या हाती जातंय, म्हणून एकदा बसून लिहून काढते. पहिलीच गोष्ट सांगते, बाकीचं वाचायला वेळ मिळाला नाही तरी चालेल : वक्त्यांचं संमतीपत्र घ्या. ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण दोन्हींचं, लेखी, सहीचं, आणि व्याख्यानाच्या आधी.

तारखा ठरवताना विद्यापीठाचं परीक्षांचं वेळापत्रक समोर ठेवा, त्या दिवसांत विद्यार्थी फिरकत नाहीत. २७ फेब्रुवारीचा आठवडा टाळा. मराठी भाषा गौरव दिनासाठी चांगले वक्ते सगळीकडे आधीच बोलावलेले असतात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचंही तेच. १२ ऑगस्ट मात्र सोडू नका. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणून तो पाळला जातो, ग्रंथालयाच्या मंडळानं पहिलं पुष्प त्या दिवशी ठेवायला हवं. पाऊस असतो, छत्र्या ठेवायला दाराशी बादल्या लागतात, एवढंच.

वक्ता निवडताना नावापेक्षा एक प्रश्न विचारा : या माणसानं आपल्या ग्रंथालयातलं काही वापरलंय का? ज्यांनी आपल्या पोथ्या, आपली जुनी मासिकं चाळली आहेत त्यांच्या बोलण्यात असं काही येतं की दुसऱ्या दिवशी मुलं काउंटरवर येऊन ते पुस्तक मागतात. मंडळ त्यासाठीच आहे. होकार फोनवर आला की त्याच दिवशी पत्र पाठवा : विषय, वेळ, मानधन, प्रवासखर्च आणि सोबत संमतीपत्राचा कोरा नमुना. त्याच पाकिटात. नंतर वेगळा पाठवू म्हणाल तर राहून जाईल.

गेल्या वर्षी माझ्याकडून राहिला. तिसऱ्या पुष्पाला एक वयोवृद्ध संशोधक आले होते. आपल्याच संग्रहातला मोडी कागद त्यांनी हातात धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि ओळीवर बोट ठेवून सव्वा तास एकेक अक्षर उलगडून दाखवलं. आवाज स्वच्छ मुद्रित झाला. संमतीपत्र माझ्या पर्समध्ये घडी घालून होतं. व्याख्यान संपल्यावर त्यांच्याभोवती गर्दी झाली, मग ते रिक्षात बसले, आणि मी म्हटलं, ‘सर, पुढच्या आठवड्यात घरी येते सहीला.’ गेले नाही. दोन महिन्यांनी ते वारल्याचं कळलं. घरच्यांशी बोललो, पण वारसांचं एकमत होत नाही. ते सव्वा तासाचं व्याख्यान आज ग्रंथालयाच्या कपाटात डिस्कवर पडून आहे आणि आम्ही ते मोडी शिकणाऱ्या एकाही मुलाला लावून दाखवू शकत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा फोनोग्राफसुद्धा निघाला नव्हता. ते आवाज गेले, त्याला इलाज नव्हता. आमच्याकडे सगळं होतं, फक्त एक सही नव्हती.

कायदा नीट समजून घ्या, कारण ‘कार्यक्रम आपला, कॅमेरा आपला, मग अडचण काय’ असं मंडळातलेच लोक म्हणतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला मालक बोलणारा असतो, भरवणारा नाही. तो हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आणि परवानगीत मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ‘परवानगी आहे’ एवढं एक वाक्य पुरत नाही. हक्काची पूर्ण मुदत, जगभर, ग्रंथालयात जतन, वाचकांना ऐकवणं, इंटरनेटवर ठेवणं, शब्दांकन करून छापणं, असं एकेक लिहा. हक्क वक्त्यांकडेच राहतो हेही लिहा, म्हणजे ते बिचकत नाहीत. कुणाला इंटरनेट नको असेल तर तेवढं खोडू द्या, पण सही घ्या. पडद्यावर दाखवायची छायाचित्रं कुणाची आहेत, तेही तिथेच विचारून टाका.

सभागृहाचं पत्र महिनाभर आधी द्या, मंजुरीची प्रत हातात ठेवा. शिपाईकाका आणि चौकीदार दोघांनाही वेळ सांगा, किल्ली एकाकडे आणि दिवे दुसऱ्याकडे असतात. आवाज ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून थेट घ्या. मागच्या खुर्चीवर ठेवलेल्या फोनमध्ये पंख्याची घरघर येते. कॉलर माइकचे नवे सेल आणा, जुने ‘चालतील’ म्हणून लावू नका. पत्रिका, फलक, पाणी, समई, हे तुम्हाला माहीत आहे.

त्या दिवशी वक्ते अर्धा तास आधी ग्रंथपालांच्या खोलीत येतील असं बघा. चहा द्या आणि चहासोबत संमतीपत्र पुढे करा. मंचावर नाही, जाताना नाही, रिक्षाशी तर मुळीच नाही. एक युक्ती सांगते : मानधनाच्या व्हाउचरला संमतीपत्र वरून टाचून ठेवा. व्हाउचर कधीच विसरलं जात नाही, कारण खजिनदार मागतातच. वरचा कागद सही झाल्याशिवाय खालचा उघडायचा नाही. सही झाल्याचं मला किंवा ग्रंथपालांना तोंडी सांगा, मगच कॅमेरा सुरू होईल.

परिचय तीन मिनिटांत. शाल नको, पुस्तक द्या. चित्रीकरण चालू असल्याचं श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगा. प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या. आभार थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी : हिशेब, वक्त्यांना पत्र, मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी, ग्रंथालयात दाखलनोंद. नोंदीच्या रकान्यात संमतीपत्राचा क्रमांक घाला. मूळ कागद ग्रंथपालांच्या फाइलला लावा, कुणाच्या पर्समध्ये ठेवू नका.