कमांड चालवायला सांगणारे संदेश एकसारखे कसे लिहावेत

टर्मिनलवर काही अडलं की प्रोग्राम सांगतो, ‘अमुक कमांड चालवा’. वाचणारा ती ओळ बघून लगेच टाइप करणार असतो. म्हणूनच ओपन सोर्स प्रकल्पात या ओळी सर्वात काळजीने लिहायला हव्यात. प्रत्यक्षात एका फाइलीत ‘रन’ असतं, दुसरीत ‘यूज’, तिसरीत ‘प्लीज ट्राय’. प्रोग्रामचे संदेश भाषांतरासाठी हाताळणाऱ्या गेटटेक्स्ट या साधनसंचाला एका अक्षराचा फरकही नवा संदेश वाटतो आणि तो प्रत्येक भाषेत पुन्हा भाषांतरित करावा लागतो. (इथे कमांड आणि खुणा देवनागरीत दिल्या आहेत, फाइलीत त्या रोमनच ठेवायच्या.)

१. पीओटी फाइलीतून, म्हणजे भाषांतरासाठी गोळा केलेल्या मूळ संदेशांच्या यादीतून, कमांड असलेले सगळे संदेश बाजूला काढा. गेटटेक्स्टमधल्या एमएसजीग्रेप या शोधसाधनाने हे झटपट होतं.

२. प्रत्येक कामाला एकच साचा ठरवा. ग्नू कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडच्या संचात ‘अधिक माहितीसाठी %एस --हेल्प करून पाहा’ अशा अर्थाची एकच ओळ एलएस, सीपी, सॉर्ट असे कितीतरी प्रोग्राम वापरतात; %एसच्या जागी त्या त्या प्रोग्रामचं नाव येतं. भाषांतर एकदाच!

३. शक्य तिथे कमांड वाक्यातून काढून जागाधारक (%एससारखी खूण) ठेवा. कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटची २.२३ आवृत्ती २०१९ मध्ये आली, तेव्हा ‘गिट स्टेटस’च्या सूचनांत ‘चेकआउट’च्या जागी ‘रिस्टोर’ आलं. बाकीचं वाक्य तेच होतं, पण कमांड वाक्यातच असल्यामुळे संदेश बदलला. असा संदेश एमएसजीमर्जमध्ये (जुनी भाषांतरं नव्या संदेशांशी जुळवणारं साधन) ‘फझी’, म्हणजे अंदाजे जुळलेला, ठरतो, आणि फझी नोंदी एमएसजीएफएमटी (भाषांतरातून प्रोग्रामला लागणारी फाइल बनवणारं साधन) सहसा वगळतं. कोणी तपासेपर्यंत वापरणाऱ्याला इंग्रजीच दिसतं.

४. वाक्य तुकड्यांत जोडू नका. ‘रन’, मग कमांड, मग ‘टू कंटिन्यू’ असे तीन तुकडे दिले, तर मराठी भाषांतरकाराचे हात बांधले जातात, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. पूर्ण वाक्य द्या. दोन जागाधारक असतील तर भाषांतरात क्रमांक घालून क्रम फिरवता येतो: ‘%२$एस ही फाइल काढण्यासाठी %१$एस ही कमांड चालवा’.

याच ओळीत ‘ही फाइल’, ‘ही कमांड’ मुद्दाम आहे. जागाधारकाला थेट ‘-ला’, ‘-ने’, ‘-मधून’ चिकटवलं तर रोमन नावापुढे प्रत्यय लोंबकळतो, आणि तो कमांडचाच भाग वाटू शकतो. मध्ये नाम ठेवलं की प्रत्यय त्याला लागतो आणि लिंगाचा प्रश्नही सुटतो: ‘%एस सापडला नाही’ऐवजी ‘%एस ही फाइल सापडली नाही’.

५. जागाधारकात काय येणार ते कोडमधल्या ‘ट्रान्सलेटर्स’ टिपेत, म्हणजे भाषांतरकारासाठीच्या सूचनेत, लिहा. कोनी कंसातलं ‘<फाइल>’ भाषांतरित करायचं की नाही, हेही तिथेच सांगा. हे टाळू नका. भाषांतरकाराला बहुतेकदा कोड दिसतच नाही.

६. एमएसजीएफएमटी --चेक चालवा. जागाधारक जुळत नसतील तर ते सांगतं. मग प्रोग्रामची भाषा बदलून संदेशातली कमांड कॉपी करा आणि टर्मिनलवर चिकटवा. कमांडच्या आतली सरळ अवतरणचिन्हं वळणदार झाली असतील, किंवा दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ झाली असेल, तर --चेकला ते कळत नाही. कमांड मात्र तिथेच अडते.