ब्लोअर घोंगावतोय? या चुका टाळा

उद्यमनगरात वर्कशॉप आणि घरं भिंतीला भिंत लावून आहेत. ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा मोटरचा पंखा, घोंगावला की शेजाऱ्यांची तक्रार ठरलेली. मग मालकाचा पहिला हुकूम सुटतो: पत्र्याची पेटी करून झाका. पेटीत मोटर तापते, आणि हवा आत घ्यायला ठेवलेल्या भोकातून आवाज बाहेर येतोच. काहीजण आवाज शोषायला अंड्याचे ट्रे चिकटवतात. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, ते चिकटवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आधी आवाज कुठला ते ओळखा. चालू ब्लोअरचा स्विच बंद करा. गुणगुण त्याच क्षणी थांबली तर ती मोटरच्या विजेची. पंखा मंदावेल तसा आवाज उतरत गेला तर तो हवेचा किंवा फिरत्या भागांचा. खरखर बहुधा बेअरिंगची, चालू करताना किंकाळी आली तर पट्टा सैल. एकसुरी भोंगा पात्यांचा असतो: ८ पाती आणि १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे) असतील तर १९२ हर्ट्झ.

सगळ्यात महागडी चूक मात्र खरेदीतच होते. ‘जरा मोठाच घेऊ’ म्हणून घ्यायचा आणि मग डॅम्पर (हवा अडवणारी झडप) आवळून हवा कमी करायची. असा कोंडलेला पंखा गुरगुरतो, वीजही खातो. त्यापेक्षा पुली बदला किंवा मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवा. वेग २० टक्के उतरला की आवाज साधारण ५ डेसिबल घटतो आणि वीज जवळपास निम्मी लागते. हवाही मात्र २० टक्के घटते. म्हणून क्युपोलाच्या (लोखंड वितळवायच्या भट्टीच्या) ब्लोअरवर हा प्रयोग परस्पर करू नका, धातू थंड पडेल.

जागा वाचवायला ब्लोअरच्या हवा घेणाऱ्या तोंडालाच एल्बो (वाकडा जोड) लावतात, तेही नको. वाकडी शिरलेली हवा पात्यांवर आदळते. शक्यतो व्यासाच्या तिप्पट तरी सरळ डक्ट (हवेची नळी) सोडा.

डक्ट थेट बोल्टनं आवळू नका, मध्ये कॅनव्हासचा जोड द्या. पायाखाली वजनाला साजेसे रबर पॅड हवेत, थर्माकोलचा काही उपयोग नाही. इम्पेलरवर (पात्यांच्या चाकावर) धूळ साचली असेल तर मेन स्विचला कुलूप लावून सगळी पाती पुसा. निम्मीच पुसलीत तर तोल आणखी बिघडतो.

इतकं करून उरलेल्या आवाजासाठी सायलेन्सर. रॉकवूलचा (दगडी लोकरीचा) साधा सायलेन्सर हवेची सळसळ चांगली शोषतो, खालच्या सुरातल्या घुमण्यावर फारसा चालत नाही. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे, तेव्हा ऑर्डर देण्यापूर्वी रात्रीचं मोजमाप करून घ्या.